पाच मिनिटांचा फॉर्म आणि वॉम्बॅटचं आतडं

रात्री साडेनऊला मी घरात दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, विम्याचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे आणि तो मी पाच मिनिटांत उरकणार आहे. दोन, जो मुलगा तीन-तीन तास गेम खेळतो त्याच्या मेंदूचा भुसा होतो.

दुसऱ्या घोषणेची काही गरज नव्हती. पण कंटाळवाणं काम समोर आलं की माझ्यातला बाप हमखास जागा होतो.

चिरंजीवांनी हेडफोनची एक बाजू दोन बोटं सरकवली. माझ्याशी बोलायला तो एवढीच फट ठेवतो. "बाबा, गेम खेळणाऱ्यांनी एड्सच्या संशोधनात मदत केलीये. बघ शोधून." फट बंद.

फेकतोय, मी मनात म्हटलं. फॉर्मच्या शेजारी दुसरा टॅब उघडला. खोटं पकडायला असा किती वेळ लागणार?

तर ते खरं निघालं. नुसतं खरं नाही, छापील खरं. 'फोल्डइट' नावाचा एक गेम आहे, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी २००८ साली काढलेला. त्यात गोळ्या नाहीत, गाड्या नाहीत. एक प्रथिन असतं आणि ते माउसने दुमडायचं. नीट दुमडलं की गुण. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूचं एक विकर (एन्झाइम) होतं, त्याचा आकार शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सापडत नव्हता. तो या खेळाडूंनी तीन आठवड्यांत जुळवून दिला. २०११ साली शोधनिबंध आला तेव्हा लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या संघांचीही नावं होती. त्यातल्या एका संघाचं नाव 'व्हॉइड क्रशर्स'. म्हणजे पोकळी चिरडणारे. इकडे डॉक्टर अमुक, तिकडे प्राध्यापक तमुक आणि मध्ये पोकळी चिरडणारे.

आता शहाण्या माणसाने हार मानून फॉर्मकडे वळावं. पण वाद घालताना मी शहाणा नसतो. एवढ्या मोठ्या इंटरनेटवर गेमविरुद्ध एक तरी पुरावा असेलच! हा उपद्व्याप मुळात सुरू कुणी केला ते शोधायचं ठरवलं. एखादा रिकामटेकडा निघेल अशी आशा होती. सुरुवातीच्यांपैकी एक निघाला विल्यम हिगिनबॉथम, भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बघायला येणारे लोक कंटाळतात म्हणून त्याने १९५८ मध्ये ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, इवल्याशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्याआधी हा गृहस्थ अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता. त्या कामाच्या मानाने टेनिस म्हणजे समाजसेवाच म्हणायची.

मग रोगराई सापडली. खूश झालो. २००५ च्या सप्टेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये एका राक्षसाच्या शापाची साथ पसरली. शाप राक्षसाच्या गुहेतच राहायला हवा होता, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना चिकटून तो भर शहरात आला. नवखे खेळाडू पटापट मेले, रस्त्यांवर सांगाड्यांचा खच. काहीजण जीव धोक्यात घालून इतरांना बरं करत होते, काहीजण पळून गेले आणि काहीजण मुद्दाम गर्दीत शिरून शाप वाटत फिरले. शेवटी कंपनीला सर्व्हर रीसेट करावे लागले. घ्या! हे तुमचे गेम! पण पुढे वाचलं तर २००७ मध्ये साथरोगाच्या अभ्यासकांनी याच प्रसंगावर लेख लिहिलेला: संकटात माणसं कशी वागतात हे इथून शिकता येईल म्हणून. म्हणजे पुन्हा मुलाचाच मुद्दा पक्का.

एवढ्यात फॉर्मच्या टॅबवर 'तुमचे सत्र समाप्त झाले आहे' असं आलं. 'वारसदाराचे नाव' या रकान्यापाशी पोचलो होतो. पुन्हा पहिल्यापासून.

इथून पुढे मी वॉम्बॅटपर्यंत कसा पोचलो ते मला नीट सांगता येणार नाही. बाजूला एक चित्र होतं. अस्वलाच्या पिलासारखा गुबगुबीत प्राणी आणि खाली ओळ: 'याच्या लेंड्या चौकोनी असतात'. तुम्हीच सांगा, कुणाच्याने पुढे जाववेल?

वॉम्बॅट ऑस्ट्रेलियात राहतो आणि एका रात्रीत ऐंशी-शंभर लेंड्या टाकतो. दगडावर, ओंडक्यावर, मुद्दाम उंचवट्यावर, आपल्या हद्दीची खूण म्हणून. गोल असत्या तर घरंगळल्या असत्या, या बसून राहतात. बरं, चौकोनी म्हणजे अगदी सोंगटीच्या फाशासारख्या, सहा बाजूंच्या. मला पहिली शंका आली तीच तुम्हाला आली असणार. तर नाही, तसं काही नसतं. बाहेरचं दार सगळ्यांसारखंच गोल. करामत आतड्यात. आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणत नाही. काही पट्टे ताठ, काही सैल. ताठ भाग चटकन आवळतो, सैल भाग सावकाश. आतला माल सुकत जातो आणि त्याला कोपरे पडतात. हे शोधून काढणाऱ्यांना २०१९ साली इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. (हसू नका. चुंबकाने जिवंत बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल आंद्रे गाइम यांना २००० मध्ये हेच मिळालं होतं, आणि दहा वर्षांनी ग्राफीन या एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या थरासाठी खरं नोबेल. मधल्या काळात त्यांनी एका शोधनिबंधावर स्वतःच्या हॅमस्टरचं नाव सहलेखक म्हणून घातलं. आमच्या ऑफिसात काहीच न करता अहवालावर नाव लागणारे पुष्कळ आहेत, पण ते निदान माणसं आहेत.)

ज्ञान झालं की ते कुणाला तरी सांगावंच लागतं. मी बेडरूममध्ये गेलो. "अगं, वॉम्बॅटची लेंडी—"

"फॉर्म भरलास?"

परत आलो. सव्वाअकरा. पुन्हा सत्र समाप्त.

आता मात्र मन घट्ट केलं. पण शेजारच्या टॅबमध्ये एक पिवळा चिकट गोळा उघडून राहिला होता, त्याचं काय करणार? ही स्लाइम मोल्ड, बुरशीसारखा दिसणारा एक जीव. हिला मेंदू नाही. २०१० साली शास्त्रज्ञांनी टोकियो आणि भोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडून हिला मध्ये सोडलं. सव्वीस तासांत तिने दाण्यादाण्याला जोडणारं जे जाळं विणलं, ते तिथल्या खऱ्या रेल्वेच्या तोडीचं निघालं. मेंदू नसताना! मी मेंदूसकट दोन तासांत नाव, पत्ता, जन्मतारीख एवढ्याच स्थानकांपर्यंत पोचलो होतो.

अकरा पन्नासला लॉगिनच्या पानावर. 'आपण रोबोट नाही हे सिद्ध करा. ट्रॅफिक सिग्नल असलेले सर्व चौकोन निवडा.' निवडले. चूक. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा की नाही? खांबासकट निवडले. चूक. आता सायकली. हे असं दर वेळी नवीनच. नुकतंच वाचलं होतं की २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात बशीतल्या आठ लाख चेतापेशींना पाँग हा चेंडू अडवायचा जुना गेम खेळायला लावलं. चेंडू अडवला की एकसारखा, ओळखीचा सिग्नल. चुकला की विजेचा वेडावाकडा गोंगाट. पेशींना तो गोंगाट नको असतो म्हणे, म्हणून त्या पाच मिनिटांत खेळायला शिकल्या. मलाही गोंगाटच मिळत होता. पण मी शिकत नव्हतो, नुसताच तापत होतो.

पाणी प्यायला उठलेले चिरंजीव मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं. मग माझ्या हातातून माउस घेतला, टक टक टक, तीन सायकली. हिरवी खूण. भराभर रकाने भरत तो 'वारसदाराचे नाव' इथे थांबला. "इथे काय लिहू?"

"आईचं लिही."

लिहिता लिहिता त्याची नजर वरच्या टॅबांच्या रांगेवर गेली. सतरा होते. "बाबा, तू अडीच तास काय करत होतास?"

"काही नाही रे. एक प्राणी आहे, त्याच्या लेंड्या चौकोनी असतात."

त्याने माउस सोडला. "चौकोनी? शक्यच नाही. कशा?"

घड्याळात अकरा सत्तावन्न. अडीच तासांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. "बस, दाखवतो," मी म्हटलं, आणि त्याने खुर्ची ओढली.