एकवीस रोगांवर एकच बाण

सकाळी पेपर उघडला आणि आतलं पिवळं पत्रक थेट पोह्यांच्या ताटलीत पडलं. लाल ठळक अक्षरं: 'शुगर, बीपी, गुडघेदुखी, मूळव्याध, केसगळती... २१ रोगांवर रामबाण!' शेजारी धनुष्यबाणाचं चित्र, आणि बाणाचं टोक सोडणाऱ्याच्याच छातीकडे. (चित्रकाराला निदान खरं काय ते कळलेलं दिसतंय.)

डोकंच फिरलं.

अरे, रामबाण म्हणजे काय? न चुकणारा. अमोघ. आपला राम एकवचनी, एकपत्नी, तसा एकबाणी. दुसरा बाण लावायची वेळच येत नाही. पण बाण म्हटला की नेम आला, नेम म्हटला की एक लक्ष्य आलं. एकवीस ठिकाणी एकदम लागतो तो बाण नव्हे, छर्रा!

हे मला अण्णांनी शिकवलं. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. युद्धकांड सांगताना रावणाच्या डोक्यापाशी हमखास थांबायचे. राम डोकं उडवतो, तिथे दुसरं उगवतं. असं शंभरदा. बाण रामाचेच, आणि रावण उभाच. शेवटी सारथी मातली आठवण करून देतो, की ब्रह्मास्त्र आहे ना तुमच्याकडे, अगस्त्यांनी दिलेलं! ते छातीत बसतं तेव्हा रावण पडतो. "बघ गं, रामाचासुद्धा प्रत्येक बाण रामबाण नव्हता," असं म्हणून अण्णा स्वतःवरच खूश व्हायचे.

आणि ह्याच अण्णांनी शुगरची गोळी बंद केली.

कट्ट्यावरच्या कुणीतरी चूर्णाची बाटली दिली होती. तिच्यावरही हाच शब्द. मी फोनवर विचारायचे, "अण्णा, गोळी घेतलीत?" "घेतली गं." साफ खोटं. गोळ्यांची न फोडलेली पाकिटं नंतर संस्कृत कोशांच्या मागे सापडली. तोवर पायाचा अंगठा काळा पडला होता. काढावा लागला.

आता कुणीतरी लगेच लिहील, आयुर्वेदाला नावं ठेवतेस. नाही ठेवत. माझं पित्त टिळक रोडच्या वैद्यांनीच आटोक्यात आणलंय, आणि गोळ्यावाले डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी फाडून हातात देतात, तेही मान्य. पण त्या वैद्यांनी अर्धा तास बसवून झोप विचारली, भूक विचारली, घरात कुणाशी वाजलंय का तेही विचारलं. चरकसंहितेत उत्तम वैद्याचं लक्षणच 'पुरुषं पुरुषं वीक्ष्य' असं दिलंय. माणूस न् माणूस निरखून, देश-काल बघून औषध. ह्या पत्रकवाल्याने मला कधी पाहिलं? पेपर टाकणाऱ्या पोराने तरी पाहिलंय! आणि 'रामबाण रस' नावाचं औषध खरोखर आहे, पण ते अग्निमांद्यावर, म्हणजे मंदावलेल्या पचनावर, आणि त्यात पारा आणि बचनाग ही विषारी मुळी असते. वैद्याला न विचारता मनाने घ्यायची वस्तूच नाही ती.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली. आणि माझ्या पोह्यांत पत्रक!

हे सगळं मी तेव्हा अण्णांनाही सुनावलं होतं. हॉस्पिटलात, पायाला पट्टी असताना. "शंभर डोकी तुम्हीच सांगायचात ना? मग मातली कसा विसरलात?" त्यांना इन्सुलिनच्या सुईची भीती वाटत होती, एवढंच होतं ते. मला फार उशिरा कळलं.

अण्णा बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "रामाच्या रथात मातली होता गं."

मी हिंजवडीत राहायचे. अण्णांच्या सदाशिव पेठेपासून तासाभराच्या अंतरावर. आणि चौकशी फोनवर.

पत्रक मागून कोरं आहे. अण्णा असते तर सुरीने नीट चार तुकडे करून दुधाच्या हिशेबाला ठेवलं असतं. मी मघाशी फाडायला घेतलं होतं, अजून तसंच हातात आहे.