दवाखान्यात "गाडी घसरली" असं सांगू नका

ऊस सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या रस्त्यांवर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या धावायला लागतात. ट्रॉली घासून जाते, मोटारसायकलवाला रस्त्यात पडतो, ट्रॅक्टर थांबत नाही. जखमीला कोल्हापूर नाहीतर मिरजेला हलवतात. केसपेपर करताना डॉक्टर विचारतात, काय झालं? पोलिसांची कटकट नको म्हणून सोबतचा माणूस सांगून टाकतो, "गाडी घसरली." माझ्या मते भरपाई खरी बुडते ती इथेच. पोलिसांत एफआयआर द्यायला उशीर झाला तर त्याचं कारण देता येतं, पण पहिल्या कागदावरची ही नोंद पुसता येत नाही.

धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पासूनची ही रक्कम, त्याआधी 25 हजार आणि साडेबारा हजार होती. पायात रॉड घालायलाही 50 हजार पुरत नाहीत, ती वाढलीच पाहिजे. पण आज हक्काची आहे ती तरी का सोडायची? हाड मोडलं किंवा दात पडला तरी कायद्यानं ती गंभीर दुखापत धरतात. नुसत्या खरचटण्याला मात्र काही नाही.

अर्ज कुठे करायचा यात आपल्या सीमाभागात फार घोळ होतो. तुम्ही राहता कुठे, उपचार कुठे झाले, याला इथे महत्त्व नाही. अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या तहसीलदारांकडे किंवा एसींकडे (प्रांताधिकाऱ्यांकडे) अर्ज जातो. वेंगुर्ला रस्त्यावर बाचीत धडक बसली तर बेळगाव, शिनोळीत बसली तर चंदगड. योजना केंद्राची असल्यामुळे रक्कम दोन्हीकडे सारखीच. नमुना 1 मधला अर्ज, नमुना 4 मधलं हमीपत्र, एफआयआरची प्रत, वूंड सर्टिफिकेट म्हणजे जखमांचा डॉक्टरी दाखला (मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट), दवाखान्याची बिलं, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान एवढं लागतं. चौकशीला एक महिना, डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) मंजुरीला 15 दिवस आणि पैसे खात्यात यायला आणखी 15 दिवस, अशी मुदत नियमातच आहे.

आता अपघाताला सहा-आठ महिने उलटले तरी एफआयआर न झालेल्यांसाठी. आधी दवाखान्यात जाऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) नंबर काढा. अपघाताचा पेशंट आला की दवाखाना जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवतो. म्हणजे मिरजेत उपचार झाले असतील तर ती सूचना मिरजेच्या ठाण्यात गेलेली असते आणि पुष्कळदा आपल्याकडच्या ठाण्यापर्यंत पोचलेलीच नसते. त्या सूचनेची तारीख मिळाली की पोलिसांना पहिल्याच दिवशी कळवलं होतं हे कागदावर सिद्ध होतं. तिची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड जोडून अपघात झालेल्या हद्दीच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. इतके दिवस का लागले ते तारखांसह लिहा: ऑपरेशन कधी, दुसरं ऑपरेशन कधी, चालायला कधी लागला. तक्रार घेतली नाही तर ती एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा, आणि तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्ट आहे. अपघातानंतर माणूस आधी उपचार बघणार, म्हणून एफआयआरला झालेला उशीर एवढ्याच कारणावर भरपाईचा दावा फेटाळू नये, असं सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलंय.

कर्नाटकच्या हद्दीत एफआयआर कन्नडमध्ये असते. सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि वाहनाच्या जागी "अज्ञात वाहन" असंच लिहिलंय ना, ते बघा.

"सी रिपोर्ट (वाहन सापडलं नाही असा पोलिसांचा शेवटचा अहवाल) येऊ दे, मग बघू" असं सांगणारे भेटतील. थांबू नका. जानेवारी 2024 च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं पोलिसांवरच जबाबदारी टाकली आहे. महिन्याभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर त्यांनीच जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यायची आणि अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा. त्यानंतरही अर्ज आला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं लोकांपर्यंत जायचं. तुम्हाला असं पत्र मिळालं नसेल तर तेही अर्जात लिहा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दोन महिन्यांनी कुणीतरी "इन्शुरन्सवाली गाडी उभी करू, मोठी रक्कम मिळेल" म्हणत येतो. त्याच्या नादी लागू नका. उशिराच्या एफआयआरमध्ये अचानक नंबर आला की विमा कंपनी पहिला संशय तोच घेते, आणि खोट्या केसमध्ये जखमीच आरोपी होतो. खरी गाडी पुढे सापडली तर ट्रिब्युनलचा (मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा) रस्ता उघडाच आहे, आधी घेतलेले 50 हजार तेवढे त्यातून वजा होतात. ट्रिब्युनलला सहा महिन्यांची मुदत आहे खरी, पण तिच्याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टात आहे आणि नोव्हेंबर 2025 च्या अंतरिम आदेशानुसार केवळ मुदत संपली म्हणून दावे फेटाळायला सध्या मनाई आहे.

गाडी सापडायची तर धावपळ पहिल्या आठवड्यातच करावी लागते. हत्तरगी, कोगनोळी, हिरेबागेवाडी टोलचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. ते मागायचं पत्र पोलिसांनी लगेच द्यावं म्हणून रोज ठाण्यात जा.

स्वतःच्या गाडीची पॉलिसीही उघडून बघा. मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स असेल तर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात असू शकतो. समोरची गाडी कुणाची होती हा प्रश्न तिथे येतच नाही. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर 2 लाखांचा अपघात विमाही आहे.

आणि नावं जुळवून घ्या. कन्नड एफआयआरमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकात आडनाव पुढे, सुनेचं खातं अजून माहेरच्या नावानं, अशा कारणांनी मंजूर झालेले पैसेही अडकतात. अर्ज देण्याआधीच "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं ॲफिडेव्हिट करून जोडा.