डायमेन्शन स्टाईल एकच ठेवा हो!

आज पुन्हा तेच. बाहेरून आलेली ऑटोकॅडची (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची) फाईल उघडली, तर डायमेन्शन स्टाईलच्या, म्हणजे मापांची अक्षरं नि बाण कसे दिसावेत त्या सेटिंगच्या, यादीत अकरा नावं! 'डिम 50', 'डिम 100', 'डिम 100 नवीन', 'डिम 100 फायनल'. प्लॅन 1:100 वर, जिन्याचा डिटेल 1:20 वर, आणि प्रत्येक स्केलला हाताने बनवलेली वेगळी स्टाईल. तोच डिटेल 1:25 वर न्यायचा म्हटला की बारावी स्टाईल करा आणि एकेक माप निवडत बसा.

अहो, कागदावर अक्षर 2.5 मिमी हवं ना? मग तेवढंच लिहा आणि स्टाईल अ‍ॅनोटेटिव्ह करा, म्हणजे ती स्केल पाहून आकार आपोआप बदलते. ड्रॉइंगमध्ये 1:100 ला 250 मिमी, 1:20 ला 50 मिमी, हा गुणाकार सॉफ्टवेअर करतं. बाणसुद्धा त्याच प्रमाणात येतात. 2008 च्या आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि अजून आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसतो!

टेक्स्ट स्टाईलमध्ये (अक्षरांच्या सेटिंगमध्ये) उंची शून्य ठेवा, हे तरी किती वेळा सांगायचं? तिथे आकडा भरला की डायमेन्शन स्टाईलमधली उंची कोणी विचारत नाही. काल या एका आकड्यापायी माझे दोन तास गेले.

आणि मापं एक्स्प्लोड करणाऱ्यांपुढे, म्हणजे माप फोडून सुट्या रेषा नि अक्षरं करणाऱ्यांपुढे, तर हात टेकले. भिंत 150 ने सरकवली तरी आकडा 3000 चा 3000च. साइटवर मिस्त्री तोच वाचून दोरी लावतो. गेल्या महिन्यात चौकट बसेना म्हणून नवी कोरी भिंत फोडावी लागली.