योम किप्पूर : एका उपासात सगळं माफ होत नाही

'ज्यूंचं बरं आहे, वर्षातून एक दिवस उपास केला की सगळी पापं माफ,' असा एक मेसेज सध्या फिरतोय. अर्धवट माहितीचा नमुना आहे.

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशीचा उपास खरा, आणि चांगला कडक. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, साधारण २५ तास. आपल्या एकादशीसारखी साबुदाणा खिचडी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. चामड्याची पादत्राणंही चालत नाहीत, म्हणून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बऱ्याच जणांच्या पायात कापडी बूट दिसतात. मात्र उपासाने जिवाला धोका असेल, तर आजाऱ्याने खाल्लंच पाहिजे, असा धर्माचाच नियम आहे.

आता माफीचं. मिश्ना या प्राचीन धर्मग्रंथात अगदी स्वच्छ लिहिलंय : देवाविरुद्ध केलेल्या पापांचं प्रायश्चित्त या दिवशी होतं, माणसाविरुद्ध केलेल्यांचं नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. म्हणजे शेजाऱ्याचे पैसे बुडवून नुसतं उपाशी राहिलात, तर हिशेब तिथेच राहतो. म्हणून माफी मागायला आधीच त्याचं दार ठोठवावं लागतं. हे काम उपासापेक्षा अवघड, असं माझं मत.

दाराचा विषय निघालाच आहे, तर कोकणातले बेने इस्राएली ज्यू या दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणत : पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवसभर प्रार्थना. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी गाठीभेटी आणि दानधर्म.