‘कंपनी स्वतःच बळी’ म्हणे!

वागळे इस्टेटजवळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला: ‘हॅकिंगमध्ये तुमचा डेटा गेला तर कंपनीचं काही वाकडं होत नाही. ती स्वतःच बळी असते, डेटा व्हेंडरकडे (बाहेरच्या कंत्राटदाराकडे) असतो, आणि तुम्ही आय ॲग्री दाबलेलंच असतं.’ खाली धडाधड अंगठे. छोट्या कंपन्यांची सिक्युरिटी ऑडिट करून पोट भरतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते बळी प्रकरण. शेजारणीने गावाला जाताना ठेवायला दिलेले दागिने तुमच्या घरातून चोरीला गेले, तर ती चोराआधी तुम्हालाच विचारणार ना, कपाटाला कुलूप होतं का? आयटी कायद्याचं कलम ४३अ तेच विचारतं. आजारपण, बँक खातं, पासवर्ड असली संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हलगर्जी केली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. (नुसतं नाव आणि मोबाइल नंबर त्यात बसत नाही, हेही खरं.) ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिसेप्शनच्या मॉनिटरवर सेलोटेपने चिकटवलेला पासवर्ड पाहिलाय. रांगेतल्या पेशंटला वाचता येईल असा. तिथले रिपोर्ट उद्या बाहेर गेले तर ‘हॅकर फार हुशार होता’ हे कुणाला पटवणार?

व्हेंडरची पळवाट तर २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने बुजवलीच आहे. करारात काहीही लिहा, जबाबदारी ज्याने डेटा घेतला त्याचीच. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत, गळती दडवली तर २०० कोटींपर्यंत.

राहिलं आय ॲग्री. ती डेटा वापरायची परवानगी असते, सांडायची नव्हे. ग्राहक चुकला तरी कंपनी सुटतेच असं नाही. पुण्यातल्या एका फर्मने फिशिंग मेलला, म्हणजे माहिती उकळणाऱ्या फसव्या मेलला, उत्तर देऊन खात्यातले पैसे गमावले होते, तरीही २०१३ मध्ये राज्याच्या आयटी सचिवांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले.

खरी बोच मेसेजवाल्याला दिसलीच नाही. नव्या कायद्याचा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा रिपोर्ट फुटला त्याला छदामही नाही. शिवाय व्हेंडर आणि दंडाची ही कलमं अजून लागू नाहीत; मे २०२७ मध्ये लागू होतील तेव्हा आयटी कायद्याचं ४३अ रद्द होतंय. तोवर ५ कोटींपर्यंतचा दावा आयटी सचिवांकडे लावता येतो. ओरडायचंच होतं तर यावर ओरडायचं.