‘आधारवर कोणीच अडवत नाही’ लिहिणाऱ्या दादांना उत्तर

दादा, नेपाळातल्या लुंबिनीच्या, बुद्धांच्या जन्मस्थळाच्या, यात्रेला कोणते कागद लागतात यावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: ‘आमच्या गावचे चाळीस जण बुद्धपौर्णिमेला आधार कार्डावर सुनौलीहून गेले अन् आले. कोणी विचारलं नाही. तुम्ही उगाच गरीब माणसाले भेव दाखवून राह्यले.’ तुमचा राग गावाच्या काळजीपोटी आहे हे कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची माणसं गेली आणि सुखरूप आली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सुनौलीला, नेपाळच्या सीमेवर, माणसं बाजाराची पिशवी घेऊन इकडून तिकडे जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ही ये-जा मोकळी राहिली. सशस्त्र सीमा बलाचे जवान एखाद्याला थांबवतात, बाकीचे निघून जातात. आपली बायामाणसं पांढऱ्या साड्या नेसून बसमधून उतरली की सगळ्यांना कळतं, ही लुंबिनीची मंडळी. पण कोणी विचारलं नाही, एवढ्यावरून आधार चालतं असं ठरत नाही.

नेपाळला पासपोर्टशिवाय जाण्याची सवलत भारताच्या नागरिकाला आहे. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलंय. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. मतदार कार्ड मात्र फक्त नागरिकालाच मिळतं. म्हणून पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं फोटोचं कार्ड मागतात.

आता माझ्या मामा-मामींचं सांगतो, म्हणजे मी इतका आग्रह का धरतो ते कळेल. मामा ६१ वर्षांचे, मामी ५६ वर्षांची. यात्रेच्या पत्रकावर ‘आधार कार्ड सोबत आणावे’ एवढंच छापलं होतं. तेही सुनौलीहून विनाअडथळा गेले. लुंबिनी झाली, पुढे बस काठमांडूला गेली आणि तिथं मामांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, लवकर घरी न्या म्हणाले. पोरानं इकडून दिल्लीच्या विमानाची दोन तिकिटं काढून दिली. काठमांडूच्या विमानतळावर काउंटरवर आधार पुढे केलं तर त्या मुलीनं मतदार कार्ड मागितलं. दोघांचीही कार्डं गावी, लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या पिशवीत. पोरानं पेटी उघडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मूळ कार्डच पाहिजे म्हणाले. मामी हात जोडून विचारत होती, ‘काऊन जी, याच्यावर फोटो आहे नं आमचा?’

भारतीय दूतावास अशा वेळी एका प्रवासापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र देतो. पण ते करत बसायला कोणाला धीर होता? भाड्याची गाडी करून, घाटाच्या रस्त्यानं, आजारी माणसाला मागच्या सीटवर निजवून ते सुनौलीपर्यंत आले. सुनौलीला तेव्हाही कोणी काही विचारलं नाही. मामा वाचले. त्या रात्रीचं मामी अजून नीट सांगू शकत नाही.

विमानाला ही तपासणी का, तर २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ विमान पळवून नेलं, त्यानंतर २००० साली विमानानं जाणाऱ्यांना ओळखपत्राची सक्ती झाली. काउंटरवरच्या मुलीचा यात काही दोष नव्हता.

तुमचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. ‘प्रत्येकाला मतदार कार्ड लागतंच’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. पासष्टीच्या वरच्या आणि पंधरा वर्षांखालच्या माणसाला वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद पुरतो. पॅन, वाहन परवाना चालतो आणि २०१९ पासून आधारही चालतं. म्हणजे तुमच्या चाळीसातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार नियमानंच चाललं. पंधरा ते अठराच्या पोरांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. कुटुंब सोबत असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं तरी भागतं. बाकीच्यांनी फोटोची ओळख आणि नातं दाखवणारा कागद जवळ ठेवायचा. मामांनी एकट्यानं कार्ड नेलं असतं तरी मामींचं निभावलं असतं. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच केली आहे.  

खरी अडचण आपल्या बायांची आहे, आणि त्यावर आपण दोघांनी मिळून काम करावं असं मला मनापासून वाटतं. मागच्या वर्षी आमच्या गावच्या बसची यादी करताना एका काकूंनी तांदळाच्या डब्यातून मतदार कार्ड काढून दिलं. प्लास्टिक सुटलेलं, फोटोत नुसता पदर दिसत होता, आणि नाव माहेरचं. आधारवर सासरचं. असं कार्ड असून नसल्यासारखं. मतदार यादीतल्या दुरुस्तीचा अर्ज, नमुना ८, भरला की नाव दुरुस्त होतं आणि नवीन कार्डही मागता येतं. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारे, बहुतेक गावातल्याच अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात, त्यांच्याकडे जायचं. पण कार्ड हातात यायला वेळ लागतो. यात्रा वैशाखात असेल तर धान घरात आलं की लगेच हे काम काढा, निघायच्या आठवड्यात धावपळ करून होत नाही.

तुमच्या गावची पुढची बस ठरली की नाव, वय आणि कोणाजवळ कोणता कागद आहे एवढी यादी करा. कोणाची कार्डं दुरुस्त करायची ते आपण सोबत बसून काढू. मी रविवारी येऊ शकतो.