मोझार्टच्या सोनाटांत साथीला कोण आहे?

पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख करून देणारा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यात म्हटलंय, व्हायोलिन सोनाटात (म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेल्या, काही भागांच्या रचनेत) गाणं व्हायोलिनचं, पियानो फक्त साथीला. आणि पियानोला बरोबरीचा मान पहिल्यांदा बेथोवेनने दिला. दोन्ही विधानं चूक आहेत. पहिलं तर थेट उलटं आहे.

१७६४ साली पॅरिसमध्ये लहानग्या मोझार्टचे सोनाटा छापले गेले. मुखपृष्ठानुसार ते हार्पसिकॉर्डचे (पियानोच्या आधीच्या, पट्ट्यांच्या वाद्याचे) सोनाटा, व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील असे. म्हणजे व्हायोलिन नसलं तरी चालेल! पुढे एप्रिल १७८१ मध्ये मोझार्ट व्हिएन्नाहून वडिलांना कळवतो, की काल रात्री अकरा ते बारा या तासात एक सोनाटा रचला. वेळेत व्हावं म्हणून ब्रुनेट्टीपुरता साथीचा भाग लिहून काढला, माझा डोक्यातच ठेवला. हा ब्रुनेट्टी व्हायोलिनवादक होता. साथ कोणाची, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

बेथोवेनची गोष्टही तशीच. १७९९ च्या त्याच्या पहिल्या तीन व्हायोलिन सोनाटांच्या मुखपृष्ठावरही कीबोर्डचंच नाव आधी, व्हायोलिनचं नंतर. या काळात वर चढत गेलं ते व्हायोलिन. पियानो तिथे आधीपासूनच होता.

आणि बरोबरी म्हणाल, तर ती मोझार्टच्या १७७८ च्या, ई मायनर या स्वरश्रेणीतल्या सोनाटात (के. ३०४, हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) कानांनी ऐकता येते. सुरुवातीला दोन्ही वाद्यं एकच उदास सुरावट एकत्र वाजवतात, खाली आधाराला एकही स्वरसंगती नाही. मग तीच सुरावट एकटं व्हायोलिन घेतं आणि पियानो खालून भरतो. दुसऱ्या भागात पियानो एकटाच सुरू करतो, व्हायोलिन थांबून राहतं. त्यातला मधला, ई मेजर या स्वरश्रेणीतला हळवा तुकडासुद्धा आधी पियानोच मांडतो. माझ्या मते मोझार्टने इतकं जवळचं, इतकं उघडं फार थोड्या ठिकाणी लिहिलंय.

आपल्या मैफलीतल्या हार्मोनियमसारखा पियानो मागे ठेवून ऐकलं, तर हे सगळं 'व्हायोलिन येण्याआधीची प्रस्तावना' वाटतं. काही ध्वनिमुद्रणांत पियानो मुद्दाम दबका ठेवलेला असतो. तिथे तर तो ई मेजरचा तुकडा पुरता वाया जातो. तेव्हा ध्वनिमुद्रण निवडताना पियानोवादक कोण आहे, हेही आवर्जून बघा.